पोहण्याच्या हौदाला जांभाच हवा!

कोकणातली बाकीची माणसे हाडामांसाची असतील, माझ्या बायकोचे मामा मात्र अस्सल जांभ्याचे होते. पावसला त्यांचे घर जांभ्याचे, कुंपणाचा गडगा जांभ्याचा, आणि त्यांच्यासमोर कुणी काळ्या दगडाचे कौतुक केले तर त्याला पुढचा चहा मिळत नसे. एकदा खाडीत होडी उलटली तेव्हा पुरुष पोहून काठाला लागले, बायका लागल्या नाहीत. त्यात मामांची धाकटी बहीण होती. तेव्हापासून आपल्या बागेत, चारचौघांच्या नजरेआड, हौद बांधून वाडीतल्या पोरींना पोहायला शिकवायचे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

खड्डा खणला, जांभ्याचे चिरे लावले, रहाटाने पाणी भरले. सकाळी हौद कोरडा! जांभा पाणी पितो हे वाडीतल्या म्हशींनाही ठाऊक, पण मामांनी चिऱ्यावरून हात फिरवला नि म्हणाले, "तहानेलाय हो बिचारा. पोट भरलं की थांबेल." तो आठवडाभर पीत राहिला आणि खालच्या अंगाला शेजाऱ्याच्या पोफळी तरारल्या. शेजारी आभार मानायला आला, तर मामांनी त्यालाच "फुकट्या" म्हणून घालवून दिले.

मग पाणी अडवायला इतर जिनसांच्या परीक्षा सुरू झाल्या. चिकणमातीचा लेप दिला, तर त्यात म्हैस जाऊन बसली ती उठेचना. शिंपल्यांच्या चुन्यात गूळ घालून मळला, त्याला मुंग्या लागल्या. बोटीने आलेल्या सिमेंटचे वाडगे करून पाणी भरून ठेवले, ते कावळा प्याला, म्हणून सिमेंट नापास! ऐकून घ्यायला जावई आयता सापडल्यामुळे दर सुट्टीत हे पुराण माझ्या वाट्याला येई. मी कंटाळत नसे. त्यांच्या हट्टावर माझे फार प्रेम होते.

अखेर मामींनीच निकाल लावला. "चिरे तुमचे राहू देत, त्यावर चुना थापा नि वर ते सिमेंट. तिघांनी एकत्र नांदायला काय झालंय?"

पाणी टिकले. पण शिकवणीच्या पहिल्या दिवशी आया पोरींना घट्ट धरून फाटकाशीच उभ्या. एकीचाही पाय पुढे पडेना. मामा मान खाली घालून पायरीवर बसले. त्यांच्याकडे मला बघवेना. तेवढ्यात मामींनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि समुद्राकाठी जन्म काढूनही कधी गुडघाभर पाण्यात न गेलेली ती बाई पायऱ्या उतरू लागली. मामांनी धावत जाऊन तिचा हात धरला. पाणी छातीशी आले तरी सोडीनात. त्यांचे डोळे भरून आले होते. बहीणच आठवली असणार.

फाटकाशी पोरी टाचा उंचावून बघत होत्या.

"सोडा हो आता," मामी हळूच म्हणाल्या. "असं धरून ठेवलंत तर मी शिकेन कशी?"

मामांनी एकेक बोट सोडले.