तलवारबहाद्दराची बायको

वाचनालयात एक बाई तलवारबाजीची ती जुनी, गाजलेली कादंबरी परत करत होत्या. "नायक कसला, उनाड मेला," त्या म्हणाल्या. "हा समुद्रावर मजा मारणार आणि बायको घरी वाट बघत बसणार."

मी खुशीत छत्री तलवारीसारखी उपसली. लग्न झाल्यापासून घरी बायकोशी मी हेच युद्ध लढत आलो होतो. माझा हुकमी वार ठरलेला असे: "पण शेवटी तो परत येतो ना."

या वेळी तो वार ओठांतच राहिला. ही गेली त्याला वर्ष होईल. पराक्रमाच्या कादंबऱ्यांत वाट बघण्याची पानं कोणी लिहीत नाही. ती मी आता रोज संध्याकाळी वाचतो.

"तुमचं बरोबर आहे," मी बाईंना म्हणालो.

एवढंच ऐकायला ही जन्मभर माझ्याशी भांडली होती.