एकशे बारा, चौऱ्याहत्तर

सिद्धगडाच्या पायथ्याच्या उपकेंद्रात मी आरोग्यसेवक आहे. डॉक्टर नाही, पण पाड्यांवरचे लोक सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी त्यांना दुरुस्त केलं नाही.

महिन्यातून एकदा गरोदर बायकांची तपासणी असते. सिस्टर आत पोट तपासायच्या, मी बाहेर टेबलावर वजन, बीपी घेऊन कार्डं भरायचो. त्या पावसाळ्यात बीपीच्या मशीनचा पट्टा फाटला. हवा भरली की फुस्स. नवीन मागितला, तो येईना. पण कार्डावरचा रकाना रिकामा राहिला की अहवाल परत यायचा. म्हणून मी अंदाजाने आकडे लिहू लागलो. सिस्टरांनी पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना एकशे दहा-सत्तर कसं? जरा वरखाली करा, नाहीतर पकडतील." मीही हसलो. मग कुणाला एकशे आठ, कुणाला एकशे बारा.

आठव्या महिन्यातली एक मुलगी अशाच एका तपासणीला तीन मैल चालून आली होती. पाय सुजलेले, जोडवी रुतलेली. "डोकं लय ठणकतंय, डाक्तर," म्हणाली. मी म्हटलं, "एवढं चालून आलीस ना गो? पाणी पी, जरा बस." आणि लिहिलं, एकशे बारा, चौऱ्याहत्तर.

नवव्या दिवशी तिला घरी झटके आले, गरोदरपणी बीपी फार चढला की येतात तसे. मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहून मला फोन केला, "नऊ दिवसांपूर्वी बीपी नॉर्मल होता ना?"

मी म्हणालो, "हो."

ती वाचली. बाळ वाचलं नाही.

तेव्हापासून माझं डोकं एका जागी थांबत नाही. बीपी त्या दिवशी वाढलेलाच असेल, असं वाटतं. मग वाटतं, नसेलही. नऊ दिवसांत कधीही चढू शकतो. कदाचित माझा आकडा योगायोगाने खराही असेल. मी मोजलाच नाही, त्यामुळे मला माझी चूकसुद्धा नीट माहीत नाही. पण सुजलेले पाय तर दिसत होते. ते पाहायला मशीन लागत नव्हतं.

दोन महिन्यांनी मी तिच्या पाड्यावर गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. सासूने खाट टाकली, काळा चहा केला आणि माझ्याआधीच बोलू लागली. "तुमी काय कमी नाय केलं, भाऊ. कारडावर सगला चांगला लिवलेला. आमच्याच नशिबात नव्हता."

मी म्हणालो, "मावशी, ते मी मोजलं नव्हतं. पट्टा फाटला होता. मनाने लिहिलं."

सासूने कप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "च्या घ्या. निवतोय."

मला कळेना, तिला समजलं की नाही. की समजूनच ती असं बोलली?

ती मुलगी दारात तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने विचारलं, "मंग तवा माजा बीपी किती व्हता?"

"माहीत नाही गो."

"पन तुमीच तर लिवलाय."

"हो. पण खोटं लिहिलं."

"खोटा, ता समाजला," ती म्हणाली. "मी खरा इचारतंय."

ती रागावली नव्हती. उत्तराची वाट पाहत होती, जणू मला ते ठाऊक आहे आणि मी उगाच आढेवेढे घेतोय. मी पुन्हा म्हणालो, माहीत नाही. तिने सासूकडे पाहिलं, सासूने चुलीकडे. मी चहा संपवला. तो का संपवला, तेही मला सांगता येत नाही.