डोकं नाही, डोळे

किस्से जमवावे लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप साचतात. पण ऐकायला घरात दुसरं माणूस लागतं. माझ्याकडे ते नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सिंदी मेघेत माझं समुपदेशनाचं छोटं क्लिनिक आहे. कुणाच्या मनात एखादा वाईट प्रसंग अडकून बसलेला असतो. त्यानं तो आठवायचा, आणि त्याच वेळी मी त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं डावी-उजवीकडे फिरवायची. त्यानं नजरेनं बोटांमागे जायचं. मन दोन्हीकडे गुंततं आणि आठवणीची धार हळूहळू कमी होते. आठवण पुसली जात नाही हो! फक्त अंगावर धावून येत नाही.

लोक मात्र नजरेऐवजी मानच हलवतात. दिवसभर माझं एकच वाक्य, "डोकं नाही, डोळे!"

*

गिरडच्या एक काकू नाल्याच्या पुरातून वाचलेल्या. पाण्याचा नुसता आवाज आला तरी थरथरायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांची पुडी माझ्यापुढे ठेवली.

"नजर काढूनच राह्यल्या तं हे बी घ्या. रिकाम्या बोटानं काऊन काढता?"

समजावून सांगितलं, पण पटलं नाही. तरी काही आठवड्यांनी आनंदानं आल्या. "मॅडम, नळ पुरा सोडून आंघोळ केली!"

जाताना मी पुडी परत दिली, तर म्हणाल्या, "राहू द्या तुमच्यापाशी. तुम्ही एकट्या राह्यता."

*

एकटी राहते, खरंच. नवऱ्याचं हेल्मेट क्लिनिकच्या कपाटावर आहे. त्या दिवशी मीच ते धुऊन गच्चीवर वाळत घातलं होतं. त्याला हिंगणघाटला जायची घाई. "एक दिवस नाही घातलं तर काय होतं!" असं मीच म्हणाले. वाटेत अपघात झाला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ते हेल्मेट मी खाली काढलेलं नाही.

हा उपचार स्वतःवर करता येत नाही. न्हाव्याला तरी स्वतःचे केस कुठे कापता येतात! तरी एकदा आरशासमोर बसून बोटं फिरवली. आरशातली बाई मान हलवत राहिली. मी तिच्यावर खेकसले, "डोकं नाही, डोळे!"

घरात कोणी हसलं नाही. फार वाईट वाटलं.

हाच उपचार करणाऱ्या नागपूरच्या एक मॅडम मला कधीच्या बोलावत होत्या. दर वेळी मी काहीतरी कारण काढायची.

*

मग अल्लीपूरचे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक. बायकोनं दवाखान्यात जीव सोडला तेव्हा हे खाली चहा पीत होते. तेव्हापासून चहा बंद.

त्रास किती, हे मी शून्य ते दहामध्ये विचारते. गुरुजी पहिल्यांदा म्हणाले, "दहा!" मग आठ, मग पाच. तीनवर आले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "मार्कांत घसरून राह्यलो मॅडम!"

शेवटच्या दिवशी म्हणाले, "काल चहा केला. ती आठवली, पण कप खाली नाई ठेवला. पुरा पेलो." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचं किती?"

मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नऊ." नागपूरच्या मॅडम बोलावतात, हेही सांगून टाकलं.

"मंग नागपूरले जा ना! मी येतो संग. बाहीर बसतो."

*

पेशंटला सोबत नेणं नियमात बसत नाही. तरी नेलं. हेल्मेट पिशवीत घालून घेतलं होतं, पण दारापाशी धीर सुटला. काही न सांगता पिशवी गुरुजींकडे दिली आणि आत गेले.

मॅडमनी बोटं फिरवायला सुरुवात केली आणि लगेच थांबल्या. "अहो, डोकं नाही, डोळे!"

तासाभरानं रडून डोळे सुजवून बाहेर आले. गुरुजी बाकावर संत्रं सोलत होते. मांडीवर हेल्मेट उलटं, आणि त्यात सगळी सालं!

"कचऱ्याचा डबा नाई इथं," ते ओशाळून म्हणाले. "पिशवी खराब झाली असती. हे धुता येते."

मी हेल्मेटकडे पाहिलं. मग त्यांच्या शेजारी बसले.

"एखादी फोड ठेवली का माझ्यासाठी?"