पाइपवरची पांढरी खूण

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. आत्याला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही, बाबांना तर — नाहीच. तुला का सांगतेय? माहीत नाही यार. टाइप करायला घेतलंय, थांबले की पुसून टाकीन, म्हणून थांबत नाही.

आधी गाडी. माझ्याहून चारच वर्षांनी लहान, म्हणजे गाडीच्या हिशोबात म्हातारीच. अकोट्यात आमच्या बिल्डिंगखाली उभी असते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा, आणि खरं सांगू? आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नाही. यायचं ते फक्त बॉनेट उघडलं की. "दहाचा पाना दे." "हा नाही गं बाई, रिंगवाला!" बस, एवढंच. पण मला त्यासाठी रविवारची वाट बघावीशी वाटायची!

बाबा कोयलीला रिफायनरीत फिटर होते. तिथून आणलेली त्यांची एक सवय — जो जॉइंट आवळून झाला, त्यावर पांढऱ्या रंगाची छोटी रेघ. आवळल्यावरच, आधी कधीच नाही. रेघ दिसली की दुसऱ्याने परत तपासायची गरज नाही. घरातही तेच. गॅसच्या नळीवर रेघ, बाथरूमच्या नळावर रेघ. मी जाम चिडवायचे त्यांना.

मागच्या हिवाळ्यात गाडीचा कूलंटचा पाइप गेला. खाली हिरव्या पाण्याचं थारोळं. रविवारी सकाळी आम्ही दोघं बसलो. जुना पाइप इतका कडक झालेला की ब्लेडने चिरून काढला. नवा चढवला. पाइप जागेवर धरून ठेवायला दोन्ही टोकांना लोखंडी क्लिप असते ना — रेडिएटरकडची बाबांनी आवळली, रेघ मारली. इंजिनकडची नुसती सरकवली, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकांनी वरून हाक मारली. बाबा उठता उठता म्हणाले, "ही तू आवळ, दिकरा. मग खूण कर."

मग खूण. मग!

मला फोटो टाकायचा होता. शेजारी शेजारी दोन पांढऱ्या रेघा, काळेकुट्ट हात, वर लिहायचं 'बाप-बेटी गॅरेज'. म्हणून मी आधी रेघ मारली. फोटो काढला, टाकला, लगेच हार्ट यायला लागले, मी उत्तरं देत बसले आणि — कळलंच ना तुला? बाबा आले, रेघ बघितली, कूलंट भरलं. पाच मिनिटं इंजिन चालवलं, थेंबभरही गळलं नाही. बॉनेट बंद.

संध्याकाळी ते एकटेच आत्याकडे छाणीला निघाले. वाटेत पाइप निसटला. गर्दीतून गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन तापून बंद पडलं. मी स्कूटीवर पोचले तेव्हा बाबा वाफेच्या पलीकडे उभे होते, हातात रुमाल. जवळच्या गॅरेजवाल्याने आत डोकं घातलं आणि हसायलाच लागला. "काका, आ क्लिप तो ढीली छे! हवे रेवा दो ने, उमर थई!" आता राहू द्या म्हणे, वय झालं.

बाबांनी क्लिपवरची रेघ बघितली. मग माझ्याकडे. "ही मी आवळली होती का गं?"

आरोप नव्हता रे तो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ती क्लिप सरकवली त्यांनीच होती, रेघ घरातल्याच रंगाची. ते मला विचारत होते, कारण तिथे दुसरं कोण होतं?

"हो बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच."

क्लिप ढिली राहिली ती चूक होती. हे खोटं चुकून नव्हतं. मी घाबरले होते का? नाही. बाबा कधी ओरडतच नाहीत. तो माणूस हसत होता आणि मला वाटलं, माझ्यावर नको. एवढंच. इतकं छोटं.

गाडी दुरुस्त झाली. घरी आणल्यावर बाबांनी चावी माझ्या हातात ठेवली. "आता तूच चालव." मग स्वतःच डॉक्टरकडे गेले, मला विसरायला होतंय म्हणाले. डॉक्टर म्हणाले, काहीच नाही. बाबांचा विश्वास डॉक्टरवर बसला नाही. माझ्यावर बसला होता. तेव्हा तरी सांगायचं होतं ना मी? मी त्यांना चहा करून दिला.

आता ते गॅसचं बटण तीनदा बघतात. आत्याकडे मी नेलं तरच जातात, आणि "ने" असं कधी म्हणत नाहीत. रविवारी ऑइल-पाणी मी एकटीच बघते, फोनवर व्हिडिओ लावून. पाना माझा मीच घेते. वर बघते तर बाल्कनीत कोणी नसतं.

गेल्या महिन्यात त्यांनी रंगाची ती बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली, शेजारी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. गोळी घेतली की नाही ते त्यांना आठवत नाही, असं त्यांना वाटतं. "मी घेतली की तू रेघ मार," म्हणाले. "तुझी खूण असली की मला काळजी नाही."

रोज सकाळी ते माझ्यासमोर गोळी गिळतात. मी रेघ मारते.