बोर्डावरच्या तीन शाखा

आमच्या गल्लीत सोफे-खुर्च्या दुरुस्त करणारी एक बाई आहे. तिला सगळे पालथीमावशी म्हणतात. दुकानात आलेली खुर्ची ती आधी पालथी घालते, बुडाचं कापड टराटरा फाडते आणि आत डोकावते. गिऱ्हाईक कुरकुरतं, "अहो मावशी, नुसतं कव्हर बदलायचंय." ही म्हणते, "वरून सगळेच गोरेगोमटे असतात."

माणसांनाही तिचा हाच न्याय. मी गल्लीच्या कामांच्या अर्जावर सह्या गोळा करायला पहिल्यांदा गेले, तेव्हा म्हणाली, "पुढारीणबाई, यात तुमचं काय सुटतंय?" माझं डोकं सणकलं. पण असली माणसं मला आवडतात, कारण मीही तशीच आहे.

तिचा नवरा, आमचे काका, डायलिसिसवर. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडावं लागतं, आणि ते सगळं सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर चालतं. कार्ड गेलं की काका गेले, इतकी सरळ गोष्ट.

अशात बातमी आली, की नव्या वर्षापासून विम्याचे निकष बदलणार. ज्याच्याकडे पगारी माणूस कामाला, त्याला कार्ड नाही. त्याआधी घरोघर पाहणी. 'गरजूंना न्याय' असं पत्रकात छापलं होतं. न्याय द्यायला निघालेले लोक सुरुवात वगळण्यापासून का करतात, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

पाहणीवाली बाई आली ती साखर पेरत आली. "ताई, घरात कोण कोण असतं? दुकानात मदतीला कोणी?"

इतकं गोड बोलणं म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं. मावशीनं बारीक खिळे तोंडात भरले आणि ठोकायला बसली. कापड ताणताना दोन्ही हात अडकतात, म्हणून या कामात खिळे तोंडातच धरतात. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, याला कोण काय करणार? बाई ताटकळली, दारावरच्या बोर्डाचा फोटो काढला आणि गेली.

"चकार शब्द काढला नाही!" मावशीनं मला ऐटीत सांगितलं. मीही तिची पाठ थोपटली.

मग फोनवर निरोप आला : दुकानात कामगार असल्यानं नव्या वर्षापासून अपात्र.

आम्ही बाहेर येऊन वर पाहिलं. बोर्डावर ठळक अक्षरं होती : 'सोफा-खुर्ची दुरुस्ती. अनुभवी कारागीर. तीन शाखा.'

"कुठे आहेत गं तुझ्या शाखा?" मी ओरडले.

"इथंच. एक उजवा हात, एक डावा, आणि तिसरी हे तोंड, खिळे धरायला." मग आवाज उतरला. "एकट्या बाईच्या हातात ऑफिसवाले खुर्च्या देतात होय? आमच्या धंद्यात सगळ्यांचे बोर्ड असेच."

विम्याच्या ऑफिसात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "बोर्ड उतरवा, मग बघू."

मी टेबलावर हात आपटणार, तेवढ्यात मावशीनं मला चिमटा काढला आणि बाहेर ओढलं. "उतरवला की म्हणतील, पुरावा लपवला."

डाव तसाच असणार, मलाही पटलं. आम्ही परत आत गेलो. मावशी म्हणाली, "साहेब, तुम्हीच या. तुमच्यासमोर पुसते."

पुष्कळ खेपा घातल्यावर साहेब आले. गल्ली गोळा झाली. मावशी स्टुलावर चढली आणि काळ्या रंगाचा ब्रश आधी कारागिरांवर, मग शाखांवर फिरवला. समोरचा सुतार ओरडला, "काय मावशी, शाखांना टाळं?"

ती त्याच्याकडे वळलीच नाही. तोंडात खिळे नव्हते, तरी शब्द फुटायला वेळ लागला. "साहेब, मी एकटी आहे. कामाला कोणी नाही. कधीच नव्हतं. लिहा, माझ्यासमोर लिहा."

साहेबांनी लिहिलं : तूर्तास पात्र.

"तूर्तास म्हणजे?"

"पुढच्या पाहणीपर्यंत."

तेव्हापासून ऑफिसांच्या खुर्च्या येईनाशा झाल्या. तिनं कुणाला बोल लावला नाही. माझ्याकडे मात्र रोखून पाहते; गप्प बसल्याबद्दल तिची पाठ मीच थोपटली होती ना.

नव्या वर्षातल्या पहिल्या डायलिसिसला मी सोबत गेले. खिडकीवर कार्ड घेतलं, काकांना आत नेलं, तरी ही उभीच. नळीत लाल रक्त फिरताना डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे नर्सनं पुढे केलेल्या खुर्चीला हात लावला. तीही पालथी घातलीच. बुडाचं कापड दाबून पाहिलं, मग सरळ करून बसली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"तूर्तास बरी आहे," मावशी म्हणाली.