करवतीचा घास

सांबशिवमामांचं आणि माझं कधी पटलं नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या वडिलांची, अप्पांची, वखार आहे. तिथं मामा तीस वर्षं तंजावूर चित्रांसाठी प्लायवूडच्या पाट्या कापायचे. हात पक्का, तोंड कडू. किती शीट लागतील विचारलं की छताकडे बघून आकडा सांगायचे, आणि तो मला नेहमी जास्तच वाटायचा. उरलेल्या पट्ट्या संध्याकाळी सायकलला बांधून घरी न्यायचे. अप्पा काही बोलत नसत.

अप्पांचे गुडघे गेले आणि वखार माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात मी स्प्रेडशीट मांडली. तिरुवैयारूच्या एका चित्रवर्गाला अठ्ठेचाळीस पाट्या हव्या होत्या, चोवीस बाय सोळा इंच. आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये बरोबर बारा बसत होत्या. म्हणजे चार शीट, वाया शून्य. मामा म्हणाले, आठ शीट आणा.

"आठ कशाला?"

"करवतीस पण खायास लागतं, विद्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या कामगारांसमोर म्हटलं, "करवत खाते की तुम्ही खाता, मामा? उरलेला माल कुठं जातो ते दिसतं मला. कागदाप्रमाणे कापा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तीस वर्षांत त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला आणि रेघेवर रेघ कापलं. दर शीटनंतर खाली बसून जमीन झाडली. हे काम ते कधी करत नसत. मला वाटलं, आला माणूस ताळ्यावर.

तिसऱ्या दिवशी फ्रेमवाला नटराज आला. पाट्या बसवायला गेला तर निम्म्या आखूड, फ्रेममध्ये खुळखुळणाऱ्या. दर कापाला करवत तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, आणि माझ्या कागदावर त्याला जागाच नव्हती. ती सोडली की सरळ रांगांत एका शीटमध्ये सहाच पाट्या बसतात, म्हणजे मामांची आठ शीट.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी मामांना म्हटलं.

"सांगितलं होतं."

मग त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढत आणलं आणि माझ्या लॅपटॉपशेजारी टेबलावर उपडं केलं. चारही शीटचा भुसा.

"हे माझं खाल्लेलं. मोजून घे."

ते निघून गेले. सायकलला त्या दिवशी काही बांधलेलं नव्हतं.

आता माझ्या स्प्रेडशीटमध्ये करवतीचा रकाना आहे. मी दोनदा मामांच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाले नाहीत.