पार्ट आणणारा: परब

ही गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आलो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की कोणीतरी म्हणतंच, "शिंदेकाका, जनरेटरची स्टोरी होऊन जाऊ दे." मी सांगतो. टाळ्या पडतात. उरलेली अर्धी सांगायचं मी टाळलं. ती आज लिहितो.

फौजेत मी जनरेटर मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि एका परदेशी कंत्राटदाराकडे लागलो. वाळवंटातल्या एका देशात परकं सैन्य लढत होतं. त्यांच्या कॅम्पची वीज आमच्या कंपनीकडे होती.

माझ्या हाताखाली परब होता. मूळचा मालवणकडचा, घाटकोपरला राहणारा, गिरणीत वायरमन. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत तिथवर पोचलेला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मशीनला ते लागत नाही, असं तो म्हणायचा.

कॅम्पच्या मागे स्क्रॅपयार्ड होतं. पहिल्यांदा आम्ही दोघे एकत्रच तिथे गेलो. रांगेने जनरेटर पडलेले. काहींच्या पॅनेलवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. एसी तर खोक्यातच होते.

परबने एकाचं झाकण उघडलं. "हवालदारानु, ह्यां भंगार न्हय. ह्येचो नुसतो रेग्युलेटर गेलोहा. आमच्या मिलात असां मशीन फेकलां असतां तर जॉबर-मुकादमान कानफाट फोडल्यान असतां."

रेग्युलेटर म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी डबी. एका हातात मावते. तेवढ्यासाठी ट्रकभर मशीन फेकलेलं.

मी मॅनेजरला विचारलं, "सर, हे दुरुस्त का करत नाही?"

"मिस्टर शिंदे, युअर जॉब इज टू रिप्लेस, नॉट रिपेअर."

कारण मला नंतर कळलं. कंपनी जेवढा खर्च करेल तेवढा सैन्य भरून देणार, आणि वर ठरलेले टक्के. खर्च वाढला की नफा वाढला. आम्ही स्क्रू आवळला तर कंपनीचं नुकसान. फौजेत मला जुनी बॅटरी जमा केल्याशिवाय नवी कधी मिळत नव्हती. इथे नवं मशीन विमानाने येत होतं, आणि जुन्याला काय झालं ते कोणी विचारतही नव्हतं.

मग एका सकाळी हॉस्पिटलच्या तंबूचा जनरेटर बंद पडला. जोडीचा स्टँडबाय तापून ट्रिप होऊन बंद पडायला लागला. नवा यायला चार दिवस होते. हॉस्पिटलचा मेजर स्वतः धावत आला. "माझ्या फ्रिजमध्ये रक्त आहे. दुपारपर्यंत काहीतरी करा."

फौजेत आम्ही याला कॅनिबलाइज करणं म्हणायचो. दोन मेलेल्या मशीनचे भाग काढून एक जिवंत करायचं. मी परबला म्हणालो, "यार्डात जा. रेग्युलेटर आणि फ्युएल पंप काढून आण."

"कोणी अडवल्यानी तर?"

"माझं नाव सांग."

तो गेला. कोणी अडवलं नाही. तासाभरात पार्ट आले आणि आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे खरं तर परब. मी टॉर्च धरला, मीटर वाचला. त्या उन्हात पत्रा एवढा तापला होता की तो ओला फडका गुंडाळून नट फिरवत होता. बाराच्या आत इंजिन सुरू झालं. व्होल्टेजचा काटा थरथरला आणि जागेवर येऊन थांबला. परब म्हणाला, "बघा, झकास." तेवढंच. फ्रिज वाचले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला इतका अभिमान कधी वाटला नाही. आजही वाटतो.

सोसायटीत माझी स्टोरी इथे संपते.

त्या संध्याकाळी मी जॉब कार्ड भरलं. त्यात दोन रकाने असतात. 'दुरुस्ती करणारा' इथे मी माझं नाव लिहिलं. सुपरवायझर मीच होतो, असं स्वतःला सांगितलं. 'पार्ट आणणारा' इथे परबचं लिहिलं.

मेजरने माझ्या नावाने कौतुकाचं पत्र पाठवलं. ते वर गेलं. वरून कंपनीला प्रश्न आला: हे दुरुस्त होतं, तर आम्ही नवे का घेतोय? मॅनेजरने माझं जॉब कार्ड काढलं आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"यार्डातलं सामान भंगार असलं तरी सैन्याचं आहे. ते उचलणं ही चोरी. याला तुम्ही पाठवलं होतं?"

सगळं इंग्रजीत चाललं होतं. परब शेजारी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मुलुंडच्या फ्लॅटचं बुकिंग मी नुकतंच केलं होतं.

"नो सर," मी म्हणालो. मग बराच वेळ बोललो. तो चांगला कामगार आहे, गरीब आहे, पोलिसात देऊ नका. सगळं खरं होतं. पहिले दोन शब्द सोडून.

परब त्याच आठवड्यात परत गेला. कागदावर चोरीचा शेरा होता, त्यामुळे पुन्हा कुठला व्हिसा मिळाला नाही. मी आणखी चार वर्षं राहिलो. कंपनीने जनरेटर फेकणं काही थांबवलं नाही.

या धंद्यात असलेल्यांना एकच सांगतो. जॉब कार्ड भरताना दोन्ही रकान्यांत आधी स्वतःचं नाव लिहून बघा. लिहवलं नाही, तर दुसऱ्याचंही लिहू नका.

परत आल्यावर मी घाटकोपरला परबकडे गेलो. तो घरातच पंखे दुरुस्त करत होता. मला बघून उठला आणि बायकोला हाक मारली. "अगो, हवालदार इले! ह्येंनी त्या सायबाक समजावल्यानी म्हणान मी सुटलंय. नायतर थंयच जेलात कुजलो असतंय."

वहिनी माझ्या पाया पडल्या. मी मागे सरकलो.

"परब, त्या दिवशी केबिनमध्ये मी—"

"ऱ्हवांदे ओ. किती बोललास तुमी माझ्यासाठी, मी बघलंय ना. च्या घेवा, निवता."

मी चहा घेतला. त्यानंतर दोनदा त्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. गेल्या वर्षी परब वारला. दहाव्याला त्याचा मुलगा लोकांना माझी ओळख करून देत होता, "ह्यांनी बाबांना वाचवलं होतं." मी हात जोडून उभा होतो.